औट्रम घाटाचा लूप: चढता येईल का हे नंतर, आधी तो चढ दिवसाच्या कोणत्या टोकाला येतोय ते बघा

तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात परत मांडतो. सिडकोत राहता, वय ४१, वजन ८०, दोन वर्षांपासून रोडबाईक चालवताय, जालना रोडला सपाट शंभर किलोमीटर आरामात होतात. आता थंडीत संभाजीनगर–वेरूळ–कन्नड–औट्रम घाट–चाळीसगाव–नांदगाव–शिऊर बंगला–देवगाव रंगारी–संभाजीनगर असा गोल एका दिवसात मारायचाय. गिअरच्या चकत्यांना समोर ५०-३४ दात आहेत, मागे ११-२८, आणि विचारताय की एवढ्या गिअरवर घाट निघेल का, का आधी वजन उतरवू, का कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलू.

आधी सरळ उत्तर देतो. कॅसेट बदला, वजनाचं सध्या डोक्यातून काढून टाका, आणि लूप उलटा फिरवा. म्हणजे सकाळी देवगाव रंगारी, शिऊर बंगला, नांदगाव, मग चाळीसगाव, आणि दुपारी औट्रम चढून कन्नडवरून घरी. तुम्ही विचारलं गिअरबद्दल, पण माझ्या मते या लूपचा खरा प्रश्न दिशेचा आणि वेळेचा आहे, म्हणून ते आधी सांगतो आणि गिअरवर नंतर येतो.

घाटाबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक असं असतं की सकाळी ताज्या पायांनी घाट चढला, वर चहा घेतला, उतरून घरी आले. आपल्याकडे हे उलटं आहे, कारण आपण मराठवाड्यातले लोक माडीवर राहतो. संभाजीनगर साधारण पावणेसहाशे मीटरवर, कन्नड सव्वासहाशेच्या आसपास आणि चाळीसगाव खाली साडेतीनशेला. मधली जी अजिंठा-सातमाळ्याची रांग आहे ती आपल्या बाजूने फार डोंगर वाटतच नाही, रस्ता हळूहळू वर जातो आणि एकदम कडा येतो, पलीकडे खाली खानदेश पसरलेला दिसतो. कड्याच्या अलीकडचं पाणी शिवना नदीतून गोदावरीला, पलीकडचं तितूर-गिरणेतून तापीला. याचा सायकलवाल्यासाठी अर्थ एकच, घरून निघालं की आधी उतार मिळतो आणि चढ परतीला येतो, तोही शंभर-दीडशे किलोमीटर पायात भरल्यावर, खालच्या गरम हवेतून. त्यामुळे सकाळी काय वेगाने गेलात याला फार किंमत नाही, दुपारी पायथ्याला पोचताना पायात काय शिल्लक आहे याला आहे. मी ज्यांना ज्यांना या बाजूला घेऊन जातो त्यांचा सगळा दिवस आम्ही घाटाच्या पायथ्यापासून मागे मोजत आखतो. पायथ्याला किती वाजता, किती पाणी घेऊन, किती खाऊन पोचायचं हे आधी ठरतं, मग निघायची वेळ ठरते.

आता दिशा का उलटी म्हणतोय ते. २०२३ च्या ऑगस्टपासून हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने औट्रम घाटात अवजड वाहनांना बंदी आली. आधी त्या घाटात ट्रकच्या रांगा, बंद पडलेले ट्रेलर, तासन्‌तास जाम हे नेहमीचं होतं, सायकल घेऊन जायची इच्छाच व्हायची नाही. बंदीनंतर घाट सायकलला पुष्कळ बरा झाला. पण ट्रक कुठे गेले, तर त्यातले बरेच नांदगाव–शिऊर बंगला–देवगाव रंगारी या रस्त्याला आले, म्हणजे तुमच्या लूपच्या परतीच्याच बाजूला. तुम्ही म्हणता त्या दिशेने गेलात तर सकाळी रिकाम्या घाटातून खाली उतराल आणि संध्याकाळी दमलेले असताना नांदगावच्या पुढचा कासारीचा घाट चढून, ट्रकसोबत, अंधारात नव्वद किलोमीटर घर गाठाल. हा शेवटचा नव्वद किलोमीटरचा तुकडा मला अजिबात पटत नाही. कासारी घाट औट्रमच्या मानाने लहान आहे, चढायला अवघड नाही, प्रश्न चढाचा नाही, दमलेल्या माणसाची सायकल सरळ रेषेत राहत नाही आणि मागून लोड गाडी येते, प्रश्न तो आहे. उलट दिशेने गेलं की हाच रस्ता पहाटे, ताजं डोकं असताना, जास्तीत जास्त उतारावर निघून जातो. आणि मोठा चढ आपण त्या घाटात करतो जिथे अवजड वाहनं नाहीत.

बंदीच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, असे आदेश बदलतात, मधे काही वाहनांना सूट मिळते, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात कन्नड किंवा चाळीसगावच्या कोणाला तरी फोन करून चालू परिस्थिती विचारा. एसटीचे ड्रायव्हर यात सगळ्यात भरवशाचे, रोज जातात. आणि पावसाळ्यात हा लूप करूच नका. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी चाळीसगाव भागात जो पाऊस झाला त्यात याच घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, तो कडा बेसाल्टचा आहे, भेगांत पाणी शिरलं की दगड सुटतात, आणि सायकलवाल्याला वरून येणारा दगड दिसतच नाही.

दिशेचं अजून एक कारण म्हणजे परतीचा रस्ता. कन्नडपासून पुढे तेलवाडी–करोडी चौपदरी झालाय, शोल्डर रुंद आहे, अंधार पडला तरी चांगल्या दिव्यावर माणूस सुरक्षित येतो. फक्त परत येताना वेरूळवरून खुलताबादला चढायच्या फंदात पडू नका. जुन्या रस्त्याने वेरूळ ते खुलताबाद चढ छोटा आहे पण तिथवर दोनशेच्या आसपास किलोमीटर झालेले असतात, आणि पुढे दौलताबादच्या उतारावर ती जुनी तटबंदीची कमान येते, एका वेळी एकच गाडी निघते, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी तिथे गाड्यांची रांग ठरलेली. बायपासनेच कसाबखेड्याकडून या, शरणापूर-मिटमिटा-पडेगाव करत शहरात शिरा.

अंतराचं बोलू. घरापासून नांदगाव नव्वद-पंच्याण्णव, नांदगाव ते चाळीसगाव पंचेचाळीसच्या आसपास, चाळीसगाव ते कन्नड तीस-पस्तीस, कन्नड ते घर साठ. म्हणजे सगळं मिळून सव्वादोनशे-दोनशेतीस. आणि तुमचं आजवरचं मोठं अंतर शंभर, तेही सपाट. अंदाजासाठी सांगतो, २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) साडेतेरा तास मिळतात आणि पहिल्यांदा करणारे बरेच जण त्यातला बहुतेक वेळ वापरतात. म्हणजे तुम्हाला हा दिवस पंधरा तासांचा धरावा लागेल. नोव्हेंबर-डिसेंबरात उजेड असतो जेमतेम अकरा तास. तेव्हा अंधार टळत नाही, तो दिवसाच्या कोणत्या टोकाला घ्यायचा एवढंच आपल्या हातात आहे. माझं म्हणणं, जास्तीचा अंधार पहाटे घ्या.

माझं गणित असं असतं. पहाटे साडेचारला निघायचं. नांदगावला सव्वानऊच्या सुमारास, तिथे पाऊण तास व्यवस्थित नाश्ता. दहाला निघालं की चाळीसगावला साडेबारा. हा मधला तुकडा दिसायला सपाट आहे, रेल्वेलाईनच्या बाजूबाजूने, नायडोंगरीवरून, पण थंडीत वारा बहुतेक ईशान्येचा-पूर्वेचा असतो आणि तुम्ही नेमके पूर्वेकडे जात असता, तोंडावर. लोक इथेच फसतात. सपाट आहे म्हणून ताशी २५ चा आग्रह धरतात, वारा ऐकत नाही, आणि घाटात लागणारे पाय नायडोंगरीला खर्च होऊन जातात. इथे स्पीड बघायचाच नाही. १८-१९ ने चाललंय, चालू द्या. सोबत कोणी असेल तर आळीपाळीने पुढे राहा, दोन-तीन मिनिटांनी बदला, याने जेवढी ताकद वाचते तेवढी दुसऱ्या कशाने वाचत नाही.

चाळीसगावला पाऊण तास सावलीत बसायचं, बूट काढायचे. सव्वादोनच्या आसपास घाटाच्या पायथ्याला. भर दुपार वाटते, पण थंडीत ती तितकी वाईट नसते, कारण या कड्याचं तोंड उत्तरेला आहे आणि डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे दुपार कलल्यावर बऱ्याच वळणांना डोंगराचीच सावली मिळत जाते. मार्चनंतर हा हिशोब राहत नाही, तेव्हा खालून खानदेशची झळ आणि वरून ऊन, नका जाऊ. घाटाला सवा तास धरा, कन्नडला चार, तिथे अर्धा तास, आणि साठ किलोमीटर घर, साडेसात. सूर्य पावणेसहाला मावळतो, म्हणजे शेवटचे पावणेदोन तास अंधार, चौपदरीवर.

आता गिअर. तुमच्या ३४ ला २८ वर पायडल एक फेरा फिरला की सायकल साधारण अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला ७० फेरे ही चढावर गुडघ्याला मानवणारी गती, तिने ताशी पावणेअकरा किलोमीटरचा वेग पडतो. पाच टक्क्यांच्या चढाला, तुमचं ८० आणि सायकल-पाणी-सामान १३ असं ९३ किलो धरून, या वेगाला १६० वॉटच्या आसपास ताकद लागते. दिवसाच्या पहिल्या तासात तुम्हाला हे जमेल. दीडशे किलोमीटरनंतर जमणार नाही, मग तुम्ही फेरे कमी कराल, ५० वर याल, ताकद तेवढी कमी लागेल पण प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावरचा जोर काही कमी होणार नाही, आणि कन्नडनंतरच्या साठ किलोमीटरमध्ये तो गुडघा बोलायला लागेल. मागे ३४ दातांची कॅसेट लावली की त्याच ७० फेऱ्यांना वेग पावणेनऊ आणि ताकद १३० च्या आसपास. तीस वॉट वाचले. हेच वाचवायला वजन कमी करायचं म्हटलं तर पाच किलो उतरवूनसुद्धा सात-आठ वॉटच वाचतात, आणि पाच किलो काही महिनाभरात उतरत नाहीत, उपाशी राहून उतरवले तर पाय आणखी कमजोर. म्हणून म्हटलं, वजनाचं राहू द्या, कॅसेटला हात घाला.

यात एक अडचण येऊ शकते. तुमचा मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) शॉर्ट केजचा, म्हणजे आखूड असेल तर ३४ त्याला झेपत नाही, त्याचा मॉडेल नंबर बघून दुकानदाराला विचारा, झेपत नसेल तर ११-३२ बघा किंवा डिरेलरही बदला. कॅसेट मोठी झाली की साखळीही थोडी लांब लागते, जुनीच साखळी ठेवली आणि चुकून समोरची मोठी आणि मागचीही मोठी चकती एकदम पडली तर डिरेलर ओढून तुटतो. म्हणून नवीन साखळी एकदमच टाका आणि घाटाच्या आधी किमान दोन-तीन राईड त्यावर काढा.

आणि समोरच्या ५०-३४ मध्ये ३४ ला कधी यायचं हेही सांगतो, कारण हे लोकांचं चुकतं. घाटातला चढ एकसारखा नाही. दहा-बारा किलोमीटरची सरासरी काढली तर आकडा किरकोळ वाटतो, पण मधे सपाटीचे तुकडे आहेत आणि वळणांच्या आसपास पाच-सहा टक्के लागतात. सपाट तुकडा आला की माणूस ५० वर टाकतो, पुढचं वळण फिरताच चढ समोर, जोर देऊन ३४ वर आणायला बघतो, ताणलेली साखळी पडते, उतरावं लागतं, आणि चढावर परत बसून निघणं हे चढण्यापेक्षा अवघड. पायथ्यालाच ३४ वर या आणि माथ्यापर्यंत तिथेच राहा. जे काय खालीवर करायचं ते मागे करा.

चढताना पहिली दोन किलोमीटर मुद्दाम हळू. बोलता आलं पाहिजे, म्हणजे पूर्ण वाक्य, धापा न टाकता. एकटे असाल तर मोठ्याने बोलून बघा, गाणं म्हणा, कोण ऐकतंय. वाक्य तुटायला लागलं की एक गिअर खाली. हात हँडलच्या वरच्या सरळ भागावर, छाती मोकळी, खांदे सैल. पाच-सात मिनिटांनी वीस-पंचवीस फेरे उभं राहून मारा, ताकदीसाठी नाही, पाठ आणि बैठक मोकळी व्हावी म्हणून, आणि उभं राहायच्या आधी मागे एक गिअर जड करा नाहीतर पाय रिकामा फिरतो. आतल्या बाजूचं वळण चढाचं असतं, गाडी मागे नसेल तर वळणाला थोडं बाहेरून घ्या, चढ हलका होतो, पण हे फक्त मागे नीट बघून, आणि समोरचं दिसत नसेल तर कधीच नाही. थांबावंसं वाटलं तर थांबा, पाय टेकवले म्हणून घाट चढला नाही असं काही नसतं. पण वळणावर किंवा कड्याच्या भिंतीला चिकटून थांबू नका, मोकळी, लांबून दिसणारी जागा बघा. आणि माकडं आहेत, लोकांनी खायला घालून सवय लावलीय, केळ हातात घेऊन उभं राहू नका.

हा सगळा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा आहे, बिबटे आहेत, २०२१ मध्ये तर विदर्भातल्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ इथे दिसला होता. घाबरवायला सांगत नाही, दिवसा वाहतूक असते, काही होत नाही. पण अंधार पडल्यावर एकट्याने सायकलवर घाटात राहू नका. माझा नियम असा की दुपारी साडेतीनपर्यंत पायथा गाठला नाही तर त्या दिवशी घाट नाही, चाळीसगावला मुक्काम किंवा गाडी. हा नियम घरून निघतानाच सोबत्यांना सांगून ठेवा, कारण पायथ्याला उभं राहून ठरवायला गेलं की प्रत्येक जण म्हणतो, जाऊ की राव, होईल.

उतार तुम्हाला कासारीला मिळेल, सकाळच्या गारठ्यात. ब्रेक सतत दाबून धरू नका, विशेषतः रिम ब्रेक असेल तर, रिम तापते आणि ट्यूबला त्रास होतो. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी, मग ब्रेक सोडून वळण. बाहेरचा पाय खाली. ट्रक पुढे असेल तर ओव्हरटेक नाही, मागे पन्नास मीटर अंतर ठेवा आणि त्याच्या मागेच उतरा. हात गारठले की ब्रेक उशिरा लागतो, म्हणून पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज आणि एक पातळ जाकीट, नांदगावला ते घडी करून मागच्या खिशात.

आता एक गोष्ट जी बाहेरचा कोणी सांगणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याकडे वैजापूर-कन्नड पट्ट्यात मका रस्त्यावर वाळत घातलेला असतो. डांबर तापतं म्हणून शेतकऱ्याला ती चांगली जागा. शोल्डरवर पिवळा पट्टा, कडेने गाड्या चढू नयेत म्हणून ओळीने दगड मांडलेले, कधी बाभळीच्या फांद्या. उन्हात हे लांबून दिसतं, पहाटे दिव्याच्या उजेडात दगड दहा फुटांवर आल्यावर दिसतो. आणि दाण्यांवरून रोडबाईकचं चाक गेलं तर पुढचं चाक सरळ निसटतं, ब्रेक लावला तर हमखास. दाण्यांवर आलातच तर हँडल सरळ, ब्रेक सोडा, पायडल थांबवा, सायकलला तिच्या तिच्या निघू द्या. शेतकऱ्यावर ओरडू नका, त्याचं वर्षाचं पीक तिथे पडलेलं असतं. त्या बाभळीच्या काट्यांसाठी दोन ट्यूब, पॅच, आणि चालू असल्याची खात्री केलेला पंप. २५ मिलिमीटर रुंदीचे टायर असतील आणि फ्रेममध्ये जागा असेल तर २८ चे टाका, तुमच्या वजनाला ८० पीएसआयच्या आसपास हवा पुरे, १२० भरून दगडासारखा टायर करून कोणाचा वेग वाढत नाही, हात-खांदे मात्र दुखतात.

दुसरं उसाचे ट्रॅक्टर. कारखाने चालू झाले की दोन-दोन ट्रॉल्या जोडून जातात, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, बाहेर आलेला ऊस दोन-तीन फूट. संध्याकाळी कन्नडच्या पुढे हे लक्षात ठेवा. पुढचा दिवा रस्ता दिसेल इतका, मागे दोन लाल दिवे, एक सीटला, एक हेल्मेटला, आणि रिफ्लेक्टिव्ह जाकीट पहाटेपासून.

खाण्यापिण्याचं. पंधरा तासांच्या दिवसात भूक लागली की खाऊ असं चालत नाही, भूक लागते तोवर उशीर झालेला असतो. तासाला साधारण ५० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन केळी किंवा तेवढ्याच तोडीचं काही. खजूर, गुळाची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, साखर-लिंबूपाणी, उसाचा रस, हे सगळं चालतं आणि रस्त्यावर मिळतं, महागड्या जेलची गरज नाही. घड्याळ लावा, दर अर्ध्या तासाला काहीतरी तोंडात. नाश्त्याला पोहे-उपमा, चाळीसगावला वरण-भात, दही-भात. तर्रीवाली मिसळ, भजी, वांग्याचं भरीत या भागात लई चांगलं मिळतं, मला मान्य आहे, पण ते घाट चढून झाल्यावर कन्नडला. तिखट-तेलकट घेऊन चढाला वाकलं की ते छातीत येतं.

पाणी सकाळी तासाला अर्धा लिटर, दुपारी पाऊण. चाळीसगावच्या पुढे दोन्ही बाटल्या भरलेल्याच पाहिजेत, एकात साधं पाणी, दुसऱ्यात ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. नुसतं पाणी पीत राहिलात आणि मीठ गेलं नाही तर डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. बीपी-शुगरची गोळी चालू असेल तर हे मिठाचं आणि एवढ्या लांब राईडचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

तयारी कशी करायची. आधी म्हैसमाळ. समुद्रसपाटीपासून १०६७ मीटर, शहरातून दौलताबाद-खुलताबाद करत चाळीसेक किलोमीटर, म्हणजे वर सांगितलेल्या गिअरवर पाचशे मीटर चढाचा सराव घराजवळच आहे. श्रावणातला शनिवार टाळा, भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांची रात्रभर गर्दी असते. एक-दोनदा म्हैसमाळ नीट झालं की खरी चाचणी घ्या. सकाळी बदनापूरपर्यंत जाऊन परत या, ते ऐंशी होतात, घरी न थांबता तसंच पुढे दुपारी म्हैसमाळ. दमलेल्या पायांनी दुपारचा चढ कसा वाटतो हे कळेल, पोटाला काय चालतं तेही कळेल. तिसरी पायरी, सायकल गाडीत टाकून कन्नडला जा, घाट उतरा, चाळीसगावला जेवा आणि चढून परत या. साठ-सत्तर किलोमीटर होतात, आणि वळण न वळण डोळ्याखालून जातं. या तीन गोष्टी व्यवस्थित झाल्या तर जानेवारीत लूपला हात घाला. नोव्हेंबरची घाई करू नका, जानेवारीतही हवा तितकीच चांगली असते आणि मका तोवर रस्त्यावरून उचललेला असतो.

बदनापूर-म्हैसमाळ जड गेलं तर लूप सोडू नका, दोन दिवसांत करा. पहिल्या दिवशी नांदगावमार्गे चाळीसगाव, मुक्काम, दुसऱ्या दिवशी उजाडताना घाट. पहाटेचा तो घाट दुपारच्या घाटापेक्षा कितीतरी चांगला, मला विचाराल तर मला हाच प्रकार जास्त आवडतो. एक दिवस हाताशी असेल तर मधे पाटणादेवीला जाऊन या, भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला त्याचा शिलालेख जिथे मिळाला ते हेच पाटण, सायकलने येऊन बघण्यासारखी जागा आहे.

मधेच सोडावं लागलं तर काय, हेही घरून ठरवून निघा. नांदगाव आणि चाळीसगाव दोन्ही मुंबई-भुसावळ लाईनवर आहेत, मनमाडला येऊन संभाजीनगरची गाडी मिळते, पण सायकल बुक करायला वेळ जातो. त्यापेक्षा घरी एकाला सांगून ठेवा की फोन आला तर गाडी घेऊन चाळीसगावला यावं लागेल. घाटात काही ठिकाणी रेंज जाते, म्हणून पायथ्याला निघताना एक मेसेज आणि माथ्यावर पोचल्यावर एक, दोन तासांत दुसरा आला नाही तर त्यांनी हालचाल करायची. ११२ आणि १०८ पाठच असतात, ब्लड ग्रुप आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये सीटखालच्या बॅगेत.

मागच्या डिरेलरवर जो नंबर छापलाय तो आणि सध्याच्या टायरची साईज इथे टाका, म्हणजे ३४ बसेल का ३२ वर थांबावं लागेल ते सांगतो. आणि बदनापूर-म्हैसमाळची राईड झाली की शेवटच्या चढाला किती वेळ लागला आणि वर पोचल्यावर बाटलीत पाणी किती उरलं होतं तेवढं लिहा, त्यावरून एक दिवस का दोन दिवस ते ठरवू.